१६८ की ११५? ‘किमान दोन मुली’ या गणिताचं प्रकरण

गणित साधं आहे. ६ मुलगे आणि ४ मुली यांच्यातून ४ जणांची समिती निवडायची आहे. समितीत किमान २ मुली हव्यात. अशा किती समित्या होऊ शकतील?

अकरावी सायन्सच्या वर्गात हे गणित घातलं की उत्तरांचे दोन गट पडतात. एक ११५ वाल्यांचा, दुसरा १६८ वाल्यांचा. बरोबर उत्तर ११५ आहे. तरी मला इथे लिहायचंय ते १६८ बद्दल, कारण हे उत्तर कच्च्या मुलांचं नसतं. ज्यांची सूत्रं पाठ आहेत, आकडेमोड पक्की आहे, जी स्वतः विचार करून गणिताला हात घालतात, तीच मुलं नेमकी इथे येऊन पोचतात. ज्या मुलीच्या वहीवरून मी हे लिहिते आहे ती अशीच होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बीजगणित उत्तम, आणि प्रत्येक पायरीचं कारण शेजारी लिहून ठेवायची चांगली सवय. त्या सवयीमुळेच तिची वाट जशीच्या तशी पाहता आली.

वहीतलं लिखाण असं होतं: किमान २ मुली हव्यात, म्हणून आधी २ मुली घेऊन ठेवू. ४ पैकी २ मुली निवडायचे ६ प्रकार. अट पूर्ण झाली. आता उरलेल्या ८ जणांतून, म्हणजे ६ मुलगे आणि २ मुली यांच्यातून, कोणीही २ घेतले तरी चालेल. ८ पैकी २ निवडायचे २८ प्रकार. म्हणून एकूण ६ × २८ = १६८.

सावकाश वाचलं तरी यातलं एकही वाक्य खोटं निघत नाही. या रीतीने तयार झालेल्या प्रत्येक समितीत किमान २ मुली असतातच. उलट, अट पाळणारी कुठलीही समिती घ्या, ती या रीतीने तयार करता येतेच. म्हणजे नको ती समिती आत आलेली नाही आणि हवी ती बाहेर राहिलेली नाही. मग बिघडलं कुठे?

आकडाही संशय येऊ देत नाही. अट नसती तर १० जणांतून ४ जणांच्या एकूण २१० समित्या होतात. १६८ त्याच्या आत आहे, निमूट बसतो. हीच रीत ‘किमान १ मुलगी’ या अटीला लावली असती तर ४ × ८४ = ३३६ आले असते. एकूण समित्याच २१० असताना अट पाळणाऱ्या ३३६ कशा, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. ‘किमान २’ मध्ये ही सोय नाही. बहुपर्यायी परीक्षेत तर १६८ हा पर्याय समोर छापलेलाच असतो, आणि मूल खूण करून पुढे जातं. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात. स्वतःचं उत्तर समोर छापलेलं दिसल्यावर तिथे थांबून शंका घ्यायला कुणाला फुरसत?

वर्गात आपण सगळेच एक कानमंत्र देतो: क्रम महत्त्वाचा असेल तर परम्युटेशन (मांडणी), नसेल तर कॉम्बिनेशन (निवड). त्या मुलीने हा मंत्र तंतोतंत पाळला होता. समितीत क्रम नसतो हे तिला माहीत होतं, दोन्ही पायऱ्यांवर तिने कॉम्बिनेशनच वापरलं होतं. आणि तरीही क्रम आत शिरला. सूत्रातून शिरला नाही, पायऱ्यांतून शिरला. ‘आधी २ मुली, मग कोणीही २’ असं म्हटल्याक्षणी समितीतल्या मुली दोन प्रकारच्या झाल्या: आधी घेतलेल्या आणि नंतर आलेल्या. गणितात असा भेद कुठेही नव्हता, तो तिच्या रीतीने तयार केला. माझ्या मते या धड्यातल्या निम्म्याहून अधिक चुका याच जातीच्या असतात, आणि परम्युटेशन की कॉम्बिनेशन या प्रश्नात त्या सापडतच नाहीत.

उत्तर ११५ आहे एवढंच सांगून मी वही परत दिली. तिचा पुढचा प्रयत्न मला पहिल्यापेक्षाही मोलाचा वाटला.

“मॅडम, कुठेतरी क्रम आलाय बहुतेक. २! ने भागून बघू?”

“बघ की.”

२! म्हणजे २ × १ = २. १६८ भागिले २, म्हणजे ८४. थोडा वेळ ती गप्प होती. मग बाजूला तिने नेमक्या २ मुलींच्या समित्या काढल्या: ४ पैकी २ मुली म्हणजे ६, ६ पैकी २ मुलगे म्हणजे १५, गुणाकार ९०. “नेमक्या दोनवाल्याच ९० होतात, मग किमान दोनवाल्या ८४ कशा असतील?” हे तिचं तिनेच म्हटलं. उत्तर जास्त आलंय, भागलं तर कमी पडतंय. म्हणजे जादा मोजलं गेलंय खरं, पण सगळीकडे सारखं नाही. या टप्प्यावर सूत्रांकडे परत जाण्यात अर्थ नव्हता.

अशा वेळी गणित लहान करावं. इतकं लहान, की सगळ्या शक्यता हाताने लिहिता आल्या पाहिजेत. ३ मुली घेतल्या: क, ख, ग. २ मुलगे: प, फ. समिती ३ जणांची, किमान २ मुली. तिच्या रीतीने ३ पैकी २ मुलींचे ३ प्रकार, उरलेल्या ३ जणांतून १ घ्यायचे ३ प्रकार, एकूण ९. मी तिला या नऊच्या नऊ लिहायला सांगितल्या, आणि आधी निवडलेल्या मुली व नंतर आलेली व्यक्ती यांच्यामध्ये रेघ ओढायला सांगितली.

कख | ग
कख | प
कख | फ
कग | ख
कग | प
कग | फ
खग | क
खग | प
खग | फ

पेन्सिल तिसऱ्या गटाच्या पहिल्या ओळीवर थांबली. ‘कख | ग’, ‘कग | ख’ आणि ‘खग | क’ या तिन्ही एकच समिती आहेत. रेघ कुठे ओढली एवढाच फरक, आणि रेघ समितीत नसते, ती आपल्या वहीत असते. बाकीच्या सहा समित्या एकेकदाच आल्यात. म्हणून खरं उत्तर ६ + १ = ७. मतदार यादीत एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी असावं, तसं त्या तीन मुलींच्या समितीचं झालं होतं.

आता मूळ गणिताकडे परतायला अडचण नव्हती. समितीत नेमक्या २ मुली असतील तर ‘आधी घेतलेल्या’ मुली त्याच, दुसरा पर्याय नाही, म्हणून ती समिती एकदाच मोजली जाते. ३ मुली असतील तर आधी घेतलेल्या २ कोणत्या, याला ३ उत्तरं आहेत, म्हणून तीच समिती तीनदा येते. चारही मुली असतील तर ४ पैकी २ म्हणजे ६ वेळा. समित्या किती आहेत ते पाहा: २ मुलींच्या ९०, ३ मुलींच्या ४ × ६ = २४, ४ मुलींची १. मग

९० × १ + २४ × ३ + १ × ६ = ९० + ७२ + ६ = १६८.

हा हिशेब जुळला तेव्हा तिचा चेहरा खुलला, आणि खुलायलाच हवा होता. चुकीचं उत्तर चुकीचं का आहे हे कळणं एक, आणि ते नेमकं १६८ च का आलं, १६७ का नाही, हेही कळणं वेगळं. दुसरं कळलं की मूल ती चूक सहसा पुन्हा करत नाही, असा माझा अनुभव आहे. नुसतं ‘अशा गणितात केसेस पाडायच्या’ असं सांगून भागवलं की महिन्याभरात मूळ सवय परत येते.

२! ने भागून का चाललं नाही, तेही इथेच उलगडतं. भागाकार चालतो, पण प्रत्येक गोष्ट सारख्याच वेळा मोजली गेली असेल तरच. ४ जणांना ओळीत उभं करून मोजलं तर प्रत्येक समिती बरोबर २४ वेळा येते, एकही २३ वेळा येत नाही, म्हणून २४ ने भागता येतं. कॉम्बिनेशनचं सूत्र म्हणजे दुसरं काही नाही, हाच भागाकार. इथे मात्र काही समित्या एकदा, काही तीनदा, एक सहादा आली आहे. अशा ढिगाला कुठल्याच एका आकड्याने भागून सरळ करता येत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी किती संख्या होतील असा प्रश्न येतो. रीत अशी: पाचही अंक वेगळे समजून १२० मांडण्या मोजायच्या आणि तीन सारख्या अंकांच्या आपसातल्या ६ मांडण्यांनी भागायचं. उत्तर २०. इथे भागाकार बिनतोड आहे, कारण या वीसपैकी कुठलीही संख्या उचला, तिच्यातले तीन ५ आपसात ६ प्रकारे हलतात. सगळ्यांची जादा मोजणी सारखी. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे उदाहरण मी आमच्या गणिताच्या शेजारी मांडलं, कारण दोन्हींतला फरक त्यात लख्ख दिसतो. त्याच ग्रंथात सहा रसांचं उदाहरण आहे: मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय यांच्या मिश्रणाचे किती प्रकार होतील? तिथे भास्कराचार्य सगळ्या ढिगाला एकाच आकड्याने भागत नाहीत. एका रसाचे ६, दोन रसांचे १५, तीनचे २०, चारचे १५, पाचचे ६, सहाचा १, असे न आच्छादणारे भाग पाडतात आणि बेरीज करतात: ६३. ‘किमान एक रस’ अशी अट त्यात दडलेली आहे हे ध्यानात घ्या. ‘आधी एक रस घेऊ, मग उरलेल्यांतले हवे तेवढे’ असं कुणी म्हटलं असतं तर ६ × ३२ = १९२ आले असते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. खानदेशातल्या मुलांना गणिताच्या तासाला हे सांगायला हवं असं मला फार वाटतं.

मग गुणाकार कधी करावा आणि कधी नाही, हे आधीच कसं ओळखायचं? दर वेळी गणित लहान करून यादी करत बसणं परीक्षेत शक्य नसतं. मी मुलांना एक तपासणी सांगते. तयार समिती समोर आहे अशी कल्पना करा आणि उलट्या दिशेने विचारा: यातले कोण पहिल्या पायरीवर आले आणि कोण दुसऱ्या? समितीकडे नुसतं बघून याचं एकच उत्तर देता आलं तर गुणाकार निर्धास्त करा. दोन उत्तरं संभवली, तर तिथेच दुबार मोजणी आहे.

‘आधी मुली, मग मुलगे’ ही रीत या तपासणीत उतरते. समितीत ३ मुली आणि १ मुलगा दिसले, तर मुली पहिल्या पायरीच्या, मुलगा दुसऱ्या पायरीचा, वादच नाही. म्हणून नेमक्या २, नेमक्या ३, नेमक्या ४ असे भाग पाडून ९० + २४ + १ = ११५ येतात. ‘आधी मुली, मग कोणीही’ ही रीत नापास होते, कारण ‘कोणीही’मध्ये मुली पुन्हा शिरतात. दुसरी वाट एकूणातून नको ते वजा करायची: २१० मधून एकही मुलगी नसलेल्या १५ आणि एकच मुलगी असलेल्या ४ × २० = ८० काढल्या की ११५. या गणितात दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या आहेत. ‘किमान १’ असेल तर वजाबाकीची वाट कितीतरी आखूड.

आणखी एक तिसरी वाट आहे, आणि ती १६८ टाकून न देता त्यावरच उभी राहते. ३ मुली आधी घेऊन उरलेल्या ७ जणांतून कोणीही १ घेतला तर ४ × ७ = २८. चारही मुली घेतल्या तर १. आता १६८ − २ × २८ + ३ × १ = १६८ − ५६ + ३ = ११५. पडताळा सोपा आहे. ३ मुलींची समिती १६८ मध्ये ३ वेळा आणि २८ मध्ये १ वेळा येते, म्हणून ३ − २ = १. चारही मुलींची समिती १६८ मध्ये ६ वेळा, २८ मध्ये ४ वेळा, शेवटी १ वेळा: ६ − ८ + ३ = १. परीक्षेसाठी ही वाट मी सुचवणार नाही. पण जादा मोजून मग शिस्तीत कमी करणं ही मोजणीच्या गणितातली मोठी कल्पना आहे, आणि या मुलीच्या ‘चुकी’त तिचं पहिलं पद जसंच्या तसं होतं. ज्याला पुढे गणित शिकायचंय त्याला हे दाखवायला हवं.

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र निराळाच. मी तिला विचारलं, की १६८ हे बरोबर उत्तर असेल असा प्रश्न तयार करता येईल का?

तिला वेळ लागला. वाट सापडली ती गावच्या ग्रामपंचायतीतून. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. राखीव जागेवर फक्त महिला, पण सर्वसाधारण जागेवर महिलाही उभी राहू शकते. तिच्या गावात एक काकू खुल्या जागेवरून निवडून आल्या होत्या, आणि ‘राखीव नाही, खुल्या जागेवरून आलेय’ हे त्या आवर्जून सांगायच्या. “मग मॅडम, ४ जागा, त्यातल्या २ राखीव, २ खुल्या. आणि कोण कुठल्या जागेवरून आलं हे पण धरायचं. मग १६८!”

अगदी बरोबर. राखीव २ जागांसाठी ४ पैकी २ महिला, ६ प्रकार. खुल्या २ जागांसाठी उरलेल्या ८ जणांतून कोणीही, २८ प्रकार. राखीव-खुली एवढाच भेद मोजला तर १६८ निकाल संभवतात. इथे वहीतली ती रेघ खरोखर अस्तित्वात आहे, निकालपत्रात छापलेली आहे. तीच तपासणी लावून पाहा: कोण कुठल्या पायरीवर आलं याचं उत्तर निकाल पाहून एकच मिळतं. तिचा गुणाकार चुकला नव्हता, तो दुसऱ्याच प्रश्नाला लागू होता. म्हणून गणित हातात घेतल्यावर पहिला प्रश्न सूत्राचा नसावा असं मी म्हणते. मी नेमकं काय मोजतेय? दोन निकाल वेगळे केव्हा धरायचे आणि एकच केव्हा? एवढं एका वाक्यात वहीत लिहायचं, मग पेन्सिल पुढे न्यायची.

पुढच्या तासाला मी गणित थोडं वाढवलं: तेच १० जण, तीच समिती, किमान २ मुली, आणि समितीतल्याच एका मुलीला अध्यक्ष करायचं. ती आता आधी तपासायला शिकली होती. अध्यक्षपद समितीत उघड दिसतं, म्हणून ‘आधी अध्यक्ष’ ही पायरी सुरक्षित आहे असं तिने शेजारी लिहिलं. अध्यक्ष ४ प्रकारे. उरलेल्या ३ मुली आणि ६ मुलगे यांच्यातून ३ जण, त्यांत किमान १ मुलगी: ८४ − २० = ६४. एकूण ४ × ६४ = २५६. पडताळ्यासाठी दुसऱ्या वाटेने: ९० समित्यांत अध्यक्ष निवडायचे २ प्रकार, २४ समित्यांत ३, एका समितीत ४, म्हणजे १८० + ७२ + ४ = २५६.

शेजारच्या मुलाचं उत्तर ३३६ होतं. अध्यक्ष ४ प्रकारे, आणखी एक मुलगी ३ प्रकारे, उरलेल्या ८ जणांतून कोणीही २ असे २८ प्रकारे. मी काही बोलायच्या आत हिने त्याची वही ओढली. “अध्यक्ष कोण ते कळतं. पण ही दुसरी मुलगी आणि नंतरच्या दोघांत आलेली मुलगी, यांत फरक काय? ३ मुली असल्या की तू प्रत्येक निवड दोनदा मोजतोस, ४ असल्या की तीनदा. ७२ जादा आणि ८ जादा.” त्याने ३३६ मधून ८० वजा केले आणि उत्तर खोडून २५६ लिहिलं.